गेलेलं वजन परत येतं तेव्हा

दुसऱ्याच्या वजनाबद्दल बोलायला आपल्याकडे फारशी ओळख लागत नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीला गेलं, की प्रसाद हातात पडायच्या आधी "काय हो, परत सुटलात वाटतं?" असं विचारणारे किमान तीन जण भेटतात. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. "प्रवास बरा झाला ना?" म्हणावं तितक्या सहज ते हे म्हणतात. पण ज्याचं वजनासाठी ऑपरेशन झालं आहे, त्याला त्या "परत" मध्ये निकाल ऐकू येतो. एवढं पोट कापून घेतलं, एवढा खर्च केला, आणि शेवटी पहिले पाढे पंचावन्न!

तर मंडळी, हे पहिले पाढे पंचावन्न नव्हेत, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे.

आधी माझे आकडे सांगतो, म्हणजे मी हे कुठल्या अधिकारात बोलतो आहे ते कळेल. २०१२ साली मिनिआपोलिसमध्ये मी गॅस्ट्रिक बायपास करून घेतला. (भारतात फोनवर नुसतं "बायपास झालाय" सांगितलं की समोरचा हृदयाबद्दलच विचारतो. त्याला "नाही हो, पोटाचा" हे समजावण्यात माझी पाच-सहा वर्षं गेली.) तेव्हा वजन १३८ किलो, जोडीला मधुमेह, रक्तदाब आणि रात्री तोंडावर मास्क चढवून झोपायचं यंत्र. दीड वर्षात ८९ किलोवर आलो. पुढची पाचेक वर्षं काटा तिथेच घुटमळला. मग वर्षाला दोन-अडीच किलो अशा बेताबेतानं चढत आज १०६ वर आला आहे.

म्हणजे गेलेल्या ४९ किलोंपैकी १७ परत आले, ३२ अजून गेलेलेच आहेत. मंडळातल्या काकांना ते १७ दिसतात. मधुमेहाच्या पाच गोळ्या होत्या त्याची एक उरली आहे, ती त्या ३२ मुळे, पण ती कोणाला दिसत नाही.

आता हे माझं एकट्याचं झालं आहे का? स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. ऑपरेशन झालेले सुमारे दोन हजार लठ्ठ रुग्ण आणि ऑपरेशन न झालेले तितकेच, अशा दोन गटांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. अमेरिकेत युटामधल्या रुग्णांचा बारा वर्षांचा हिशेब २०१७ साली आला. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो घट, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. माझी घट आज २३ टक्के आहे. म्हणजे मी कोणी मोठा अपवाद नाही, सरासरीच्या आसपास बसणारा माणूस आहे. थोडंफार वजन परत येणं हा या ऑपरेशनच्या इतिहासाचाच भाग आहे. फक्त आधी-नंतरच्या फोटोंत तो नसतो, कारण "नंतर"चा फोटो नेहमी दीड वर्षांनी काढतात, बाराव्या वर्षी कोणी काढत नाही.

आणि तुलना करायचीच तर ती माझ्या ८९ किलोंशी का करायची? स्वीडनच्या अभ्यासात ऑपरेशन न झालेल्यांचं वजन इतक्या वर्षांत दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिलं. म्हणजे ते होते तिथेच राहिले. ऑपरेशन झालेल्या गटात, वजन थोडं परत येऊनसुद्धा, मृत्यूचा धोका वय, आजार वगैरे सगळं हिशेबात धरून सुमारे २९ टक्क्यांनी कमी निघाला. खरी तुलना ही आहे. मी ऑपरेशन केलं नसतं तर आज कुठे असतो, हा प्रश्न विचारायचा. आरशापुढे उभं राहून २०१४ सालच्या पँट आठवत बसण्यात अर्थ नाही.

आता हे असं का होतं? माझा धंदा इमारतींच्या तापमान नियंत्रणाचा, त्यामुळे मला ते थर्मोस्टॅटच्या भाषेत कळतं. हे शहरही त्याला साजेसं आहे. घराची भट्टी आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र आल्बर्ट बट्झ नावाच्या गृहस्थानं १८८५ साली इथेच मिनिआपोलिसमध्ये काढलं. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना तुम्ही खिडकी उघडलीत, तर थर्मोस्टॅट गप्प बसत नाही. तो भट्टी पेटवतो आणि खोली ठरलेल्या तापमानाला आणायला धडपडतो. वजन उतरवणं म्हणजे शरीराच्या दृष्टीनं खिडकी उघडणं. त्याला तुमचा रक्तदाब, तुमचे गुडघे, तुमची पँट यातलं काही कळत नाही. दुष्काळ पडला आहे एवढंच कळतं. मग ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं.

याचा पहिला नीट अभ्यासही इथलाच. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा कसं खायला घालायचं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. मुलांचं वजन चतुर्थांशानं घटलं, पण डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर कितीही खाल्लं तरी समाधान होईना. ही मुलं लठ्ठ नव्हती, आळशी नव्हती, आणि त्यांच्या इच्छाशक्तीबद्दल कोणी शंका घ्यायचं कारण नव्हतं.

पुढे २०१६ साली केव्हिन हॉल यांच्या गटानं 'द बिगेस्ट लूझर' या टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या लोकांचे ४१ किलो परत आले होते. पण त्याहून चक्रावणारी गोष्ट वेगळीच होती. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर विश्रांतीत रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, म्हणजे त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतं त्यापेक्षा कमी. ५०० कॅलरी म्हणजे तूप लावलेल्या चारेक पोळ्या झाल्या! शेजारचा माणूस त्या खाऊन आहे तसा राहतो आणि यांचं वजन त्याच पोळ्यांवर वाढतं.

ऑपरेशन यातल्या काही तारा बदलतं, म्हणून ते नुसत्या डाएटपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. पोट लहान होतं ही तर उघड गोष्ट. शिवाय बायपासनंतर जेवण झाल्यावर जीएलपी-१, पीवायवाय अशी तृप्तीची संप्रेरकं पूर्वीपेक्षा खूप जास्त स्रवतात. म्हणजे थर्मोस्टॅटचा काटाच कोणीतरी खाली फिरवल्यासारखं होतं. पण तो काटा कायमचा खिळा ठोकून बसवलेला नसतो. वर्षं जातात, वय वाढतं, स्नायू घटतात, पोट आणि आतड्याचा नवा जोड कधी सैल होतो, आणि शरीर सावकाश आपला जुना हट्ट पुढे रेटू लागतं.

"म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही म्हणा की!" असं आता कोणी तरी म्हणेलच. आहे की. बायपासवाल्याला भाकरी अडते, पण चिवडा अडत नाही. शंकरपाळे, बिस्किटं, आइस्क्रीम, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, हे सगळं त्या लहानशा पोटातून सुरळीत खाली घसरतं आणि पोट भरल्याची घंटाही वाजत नाही. त्यामुळे दिवाळीच्या फराळाचा डबा टेबलावर न ठेवता वरच्या फळीवर ठेवणं हे हातात आहे. आधी प्रथिनं खाणं, म्हणजे आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी आधी उसळ, पनीर, टोफू आणि मग भात, हेही हातात आहे. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, पुरेशी झोप, दारू बेतानं (बायपासनंतर ती झपाट्यानं चढते आणि काहींना तिचं व्यसनही लागतं), हे सगळं हातात आहे आणि ते करावंच. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं करूनही वजन वाढू शकतं, आणि तसं झालं तर तो तुमच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

हा मुद्दा मी इतका लावून धरतो याला कारण आहे. वजन परत येऊ लागलं की माणसं दवाखान्यात जाणंच बंद करतात. ज्या सर्जननं एवढं केलं त्याला काय तोंड दाखवायचं, अशी भावना असते. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी याच संकोचापायी सहा वर्षं एकही तपासणी केली नाही. वजन जे वाढायचं ते वाढलंच, पण बी-१२ इतकं खाली गेलं की पायांना मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागला. बायपास झालेल्या माणसाला बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यावं आणि तपासावं लागतं, त्यातून आपण शाकाहारी असलो तर विचारायलाच नको. वजन वाढल्याची लाज त्या वजनापेक्षा जास्त नुकसान करते ती अशी.

हृदयाच्या बायपासवाल्याचं बघा. दहा वर्षांनी त्याला पुन्हा स्टेंट घालायची वेळ आली तर आपण म्हणतो, "अरे रे, पुन्हा त्रास सुरू झाला वाटतं." डबा घेऊन भेटायला जातो. त्याला कोणी "एवढं ऑपरेशन वाया घालवलंत" म्हणत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं लठ्ठपणाला २०१३ सालीच आजार म्हटलं. जुना आजार उलटतो, त्याला पुन्हा उपचार लागतात. यात नवल ते काय?

आणि उपचार आहेत. वजन वाढू लागलं की आधी कारण शोधावं. एन्डोस्कोपी करून पोट आणि जोड यांची स्थिती पाहता येते, आणि जोड रुंदावला असेल तर तो तोंडावाटेच टाके घालून आवळता येतो. चालू असलेली औषधं तपासून घ्यावीत. इन्सुलिन, स्टेरॉइड, नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात. थायरॉइड बघावं. याशिवाय आता जीएलपी-१ जातीची इंजेक्शनं आहेत. ऑपरेशननंतर पुरेसं वजन न उतरलेल्यांवर लंडनमध्ये लिराग्लुटाइडचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२३ साली आले. चोवीस आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन आणखी सुमारे ९ टक्क्यांनी उतरलं, खोटं औषध घेणाऱ्यांचं जेमतेम अर्धा टक्का. त्यानंतरची सेमाग्लुटाइड, टर्झेपाटाइड ही औषधं याहून जोरकस आहेत, आणि २०२५ पासून भारतातही ती वजनासाठी मिळू लागली आहेत.

त्यावर लगेच आक्षेप येतो, "इंजेक्शन थांबवलं की वजन परत येतं म्हणे." येतं, खरं आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीतच दिसलं. पण रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाबही परत येतोच. त्यावरून गोळी कुचकामी आहे असं आपण म्हणत नाही, गोळी थांबवू नका असं म्हणतो. पैशाची अडचण मात्र खरी आहे. माझ्या विमा कंपनीनं पहिला अर्ज "एकदा शस्त्रक्रियेचा लाभ दिला आहे" या सबबीवर नाकारला. अपील केलं, डॉक्टरांनी चार पानी पत्र लिहिलं, आठ महिन्यांनी मंजुरी आली. आठ महिने भांडायचं बळ अंगी यायला आधी आपलं मागणं रास्त आहे हे स्वतःला पटावं लागतं. आपणच अपराधी आहोत असं ज्याला वाटतं, तो अपील करत नाही.

असो. हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पुण्या-मुंबईतही ही ऑपरेशनं आता सर्रास होतात, आणि पुढे वाढतीलच. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार करायची मर्यादा बीएमआय २७.५ इतकी खाली आणली आहे, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो. तुमच्या घरात कोणी असा विचार करत असेल तर त्यांना अडवू नका. मला आज पुन्हा विचारलंत तर मी पुन्हा करीन. फक्त सर्जनकडे जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो बघून परत येऊ नका. पाचव्या आणि दहाव्या वर्षी तुमचे रुग्ण कुठे असतात, तेव्हा त्यांना कोण तपासतं, आणि वजन परत आलं तर तुम्ही काय करता, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला "तुम्ही नीट वागलात तर येणारच नाही" असं उत्तर मिळालं, तर सरळ दुसरा सर्जन शोधा.