दिघीचें बंदर आणि रिकाम्या दिवसाची मजुरी

राजपुरी खाडीच्या मुखाशीं दिघीचें बंदर वाढत आहे. २०२१ सालीं तें अदानी समूहाकडे गेलें. २०२४ सालीं केंद्र सरकारनें तेथील औद्योगिक नगरीस मंजुरी दिली. बंदर आलें म्हणजे रोजगार आला, असें श्रीवर्धन-म्हसळ्याचे व्यापारी म्हणतात, व तें खोटें नाहीं. परंतु गोदीच्या कामाचा स्वभावच असा कीं, जहाज लागलें तर रात्रीचा दिवस करावा, न लागलें तर हमालानें धक्क्यावर हात बांधून बसावें. त्या बसलेल्या दिवसाचें पोट कोणीं भरावें?

हा प्रश्न नवा नव्हे. मुंबईच्या गोदींत तो एकदां सोडविला गेला होता. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यान्वयें जें मंडळ झालें, त्यावर सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान बसत. कामगाराचें नांव एका मालकाच्या वहींत नसून मंडळाच्या वहींत असे. मालकांनीं लेव्ही भरावी, आणि राखीव गटांतील कामगार हजेरीस येऊन काम न मिळतां परतला तर त्यास हजेरीभत्ता मिळावा. शिवाय महिन्यांतील कांहीं दिवसांच्या मजुरीची हमी. बेकारीभत्ता हें नांव त्यास नव्हतें, वस्तु मात्र तीच होती.

आतां आजची स्थिति पहा. राज्य विमा महामंडळानें २०१८ सालीं बेकार विमाधारकांसाठीं योजना काढली: सरासरी मजुरीचा चौथा हिस्सा, फार तर ९० दिवस. २०२० च्या टाळेबंदींत हा हिस्सा निम्मा झाला, व अर्ज जुन्या मालकामार्फतच आला पाहिजे ही अट काढून टाकावी लागली. ज्यानें कामावरून काढलें त्याच्याच हातीं भत्त्याची किल्ली ठेवणें किती शहाणपणाचें होतें, हें त्यावरून दिसलें. महामंडळावर मालक-मजूर दोघांचे प्रतिनिधी आहेत खरे. पण ते दिल्लीस. धक्क्यावरील मजुराचें नांव कंत्राटदारानें विम्यांत घातलेंच नाहीं, तर हक्क कागदावरच राहतो. बेल्जम, स्वीडन, डेन्मार्क येथें बेकारनिधीचा कारभार कामगारसंघांशीं जोडलेला आहे. आमच्याकडे संघाला त्यांत जागाच नाहीं. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत पुढें असलेले ना. म. जोशी याच जिल्ह्यांतील गोरेगांवचे, हें येथें सहज आठवतें.

संघांचा कारभार निर्दोष असतो असें आम्ही म्हणत नाहीं. माथाडीच्या नांवावर खंडणी उकळली जाते, ही व्यापाऱ्यांची ओरड आमच्या कानीं आहे, व तींत तथ्यही आहे. मुंबईंत कंटेनर आल्यावर काम घटलें, वहींतील नांवें मात्र त्या मानानें घटलीं नाहींत. पण चोर शिरला म्हणून कोणी घराचा दरवाजा भिंतींत चिणून टाकीत नाहीं. दोन्ही पक्षांनीं हिशेब पाहिला तर लबाडी अवघड होते. एकानेंच पाहिला तर सोपी.

१९६९ चा माथाडी कायदा गोदीच्याच धर्तीवर रचलेला असून तो या राज्यांत लागू आहे. दिघीस नवे धक्के बांधून होण्यापूर्वींच बंदरचालकांनीं व कंत्राटदारांनीं त्या नमुन्याची नोंदवही उघडावी, टनामागें अल्प लेव्ही ठरवावी, आणि रिकाम्या दिवसाचा भत्ता त्यांतून द्यावा. टनामागील तो आकार कोणा व्यापाऱ्यास बुडविणार नाहीं. उलट, उपाशी हमाल गांव सोडून मुंबईस गेला, तर जहाज लागेल त्या रात्रीं माल उतरविणार कोण, याचा विचार त्यांनींच करावा.