थरथरून ताकद येत नसते, भावांनो!

पोस्ट मोठी आहे, पण ज्याच्या घरात भरतीची तयारी करणारं लेकरू आहे त्यानं तरी पूर्ण वाचा.

आपल्या ईटच्या पोरांच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एकच विषय चाललाय. वर्गणी काढायची आणि व्हायब्रेशन मशीन आणायचं. वर उभं राहायचं, बटण दाबायचं, की 'दहा मिनिटांत तासाभराचा व्यायाम'. मी नको म्हणालो तर उत्तर आलं, "दादा, तुम्ही जुन्या जमान्यातले." असेन. पण तीन भरत्या दिल्यात, तिसरीत दोन मार्कांनी गेलोय. ग्राउंड काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

नुसतं हादरून ताकद आली असती तर भूम तालुक्यातला प्रत्येक ट्रॅक्टर ड्रायव्हर हिंदकेसरी झाला असता. तो बिचारा चाळिशीतच कंबर धरून बसतो. युरोपात तर कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती हादरे बसावेत, याची मर्यादा २००२ साली कायद्यानं ठरवली.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टरचा हादरा वेगळा, मशीनचा वेगळा. मान्य. ट्रॅक्टरचा हादरा संथ आणि मोठा. मशीन सेकंदाला साधारण २५ ते ४५ वेळा, काही मिलिमीटरच हलतं. त्या झटक्यानं स्नायू ताणला जातो आणि आपोआप आवळतो. म्हणून उतरल्यावर पाय हलके वाटतात, जोर आल्यासारखा वाटतो. रशियात आणि युरोपात खेळाडूंवर याचे प्रयोग झालेत, मी नाकारत नाही. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना फार व्यायाम झेपत नाही त्यांना, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली थोडा उपयोगही होतो. पण रोज पळणाऱ्या, बैठका मारणाऱ्या विशीतल्या पोराला वरून मिळणारा फायदा किरकोळ, आणि तोही दरवेळी दिसत नाही.

शिवाय ते खेळाडू मशीनवर गुडघे वाकवून बैठका मारतात, अर्धा-एक मिनिट, मग विश्रांती. आपल्याकडे काय चालतं? गुडघे ताठ, हातात मोबाईल, पंधरा-पंधरा मिनिटं. हादरा सरळ डोक्यापर्यंत. याला व्यायाम म्हणायचं?

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यामुळं हे लिहायला बसलो. माझ्यासोबत पळणारं एक पोरगं. बाप खव्याच्या भट्टीवर राबतो. पोराची नडगी दुखायला लागली. मी म्हणालो, महिनाभर थांब, डॉक्टरला दाखव. तालुक्याच्या गावातल्या एका जिमवाल्यानं सांगितलं, मशीनवर ये, आठ दिवसांत मोकळा होशील. बापानं उसने पैसे दिले. थरथरीनं दुखणं तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं आणि हा पुन्हा पळायचा. भरतीच्या दिवशी १६०० मीटरमध्ये तिसऱ्या राउंडला खाली बसला. एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर. पोराचं वर्ष गेलं, बापाचे पैसे गेले. जिमवाल्याचं काय गेलं? काही नाही.

पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. पोरांचा गोळा ७.२६० किलोचा. यातला एक तरी मार्क उभं राहून थरथरल्याचा आहे का?

शेजारच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायपीट करायचा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य आणलं. आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे खो-खोत अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली. ही माणसं मैदानातून घडली.

आणि आपल्याकडं मैदान कुठाय? पोरं पहाटे चारला अंधारात डांबरी रोडवर पळतात. समोरून उसाची वाहनं. नडग्या त्या डांबरानंच मोडतात. पोरींना तर अंधारात घरचे सोडतच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वर्गणी काढायचीय ना? काढा. पहिली पावती माझ्या नावानं फाडा. पण त्या पैशात सपाट जागेवर मुरूम टाकू, रोलर फिरवू, चुन्यानं पट्टे आखू. पोरांचा गोळा, पोरींचा ४ किलोचा गोळा, एक स्टॉपवॉच आणि दोन दिवे घेऊ. जोर-बैठकांना वीज लागत नाही, आणि लाइट गेली तरी मैदान बंद पडत नाही.

मशीन वर्षभरात कोपऱ्यात धूळ खाईल, वर कपडे वाळत पडतील. मैदानावर पुढची वीस वर्षं पोरं पळतील.

माझं चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, शिव्या दिल्या तरी चालतील. पटलं असेल तर नुसतं लाईक करू नका. रविवारी सकाळी सहाला फावडं घेऊन या.