ठासणीचा बार : मापाने भरा, ओळखून उडवा



भात पोटरीत आले, नाचणीची कणसे भरू लागली की कोकणात आणि घाटमाथ्यावर राखणीचे दिवस सुरू होतात. दिवसभर शेतात राबायचे आणि रात्री मांगरात नाहीतर माळ्यावर जागायचे. कुणी डबे वाजवतो, कुणी शेकोटी पेटवतो, कुणी कुत्री बरोबर नेतो. ज्याच्या घरी परवान्याची ठासणीची बंदूक आहे तो ती खांद्याला लावून निघतो. मग हटकून एक प्रश्न निघतो : "दारू किती घालावी? आणि वर गोळी घालावी की छर्रे?"

प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचे उत्तर चुकले तर डुक्कर राहते बाजूला आणि घरातले माणूस जाते. म्हणून आज या एकाच विषयावर सविस्तर बोलू.

आधी कायद्याचे माप

दारूच्या मापाआधी कायद्याचे माप समजून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षे झाली. ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. परवान्यावर जेवढी दारू लिहिली असेल तेवढीच घरात असावी. निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा आदेश निघाला, तर ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.

पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. पुष्कळांची गफलत इथेच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकर, पिसोरी, चितळ, सांबर या सगळ्यांच्या शिकारीला बंदी आहे. ते तुमच्या कुळथात शिरले म्हणून बंदी उठत नाही. रानडुक्करही याच कायद्याखाली येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. अशा जनावराने उभ्या पिकाची नासाडी चालवली, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो. तो कागद हातात नसेल तर बार जनावरावर धरायचा नाही. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले तर तो गुन्हा होत नाही, पण मेलेले जनावर सरकारचे असते. मटणाचा वाटा घालणारा गुन्हेगार ठरतो. साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका रात्रीच्या जेवणासाठी एवढे मोल कोण देईल?

तेव्हा राखणीच्या बंदुकीचे पहिले काम आवाजाचे. नुसती दारू आणि वर बोळा, एवढ्याने बहुतेक रात्री काम भागते. मात्र हा कोरा बारही निरुपद्रवी समजू नका. जवळच्या माणसाला बोळा जखम करतो आणि धुमसता काथ्या वाळल्या गवतात किंवा पेंढ्याच्या उडवीत पडला तर आग लागते.

दारू कोणती, किती

ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच घालायची, तीही परवानाधारक दुकानदाराकडून घेतलेली. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू चिमूटभरही घालू नये. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त दाब उत्पन्न करते आणि जुनी नळी काकडीसारखी उकलते. फटाक्यांची, सुरुंगाची किंवा घरी कुटलेली दारूही नको. तिच्या जोराचा काही भरवसा नसतो.

आता माप. बंदुकीची नळी किती बोअरची हे आधी माहीत हवे. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. म्हणजे एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. सोळा बोअरची गोळी सुमारे २८ ग्रॅमची. जितका आकडा मोठा तितकी नळी बारीक. काळ्या दारूच्या जमान्यात बारा बोअरच्या चांगल्या, तपासलेल्या बंदुकीला सुमारे सव्वापाच ग्रॅम दारू आणि ३२ ग्रॅम छर्रे असा बार प्रचलित होता. म्हणजे दारू शिशाच्या वजनाच्या साधारण सहावा हिस्सा. जुने जाणते "ज्या मापाने दारू त्याच मापाने छर्रे" म्हणत, त्यातले इंगित हेच. शिसे जड असल्याने सारख्या मापात वजन सहापट भरते.

पण हा आकडा पाठ करून आपल्या बंदुकीत घालू नका. तुमची नळी पन्नास वर्षांपूर्वीची असेल, आतून गंजाने खाल्लेली असेल. परवानाधारक बंदूक-कारागिराला ती उघडून दाखवा आणि तो सांगेल ते माप घ्या. ते बहुधा याहून कमीच असेल. त्या मापाची पितळी पळी किंवा शिंगाची नळी करून घ्या आणि तिच्यावर खूण करा. मूठ, चिमूट, अंदाज हे भाजीला ठीक, बंदुकीला नाही.

"दारू जास्त तर मार जास्त" हा समज सोडून द्या. नळीच्या लांबीत जेवढी जळेल तेवढीच दारू कामाची. उरलेली तोंडाबाहेर ज्वाळा होऊन उडते. पूर्वीचे शिकारी नळीपुढे पांढरे कापड अंथरून न जळलेले कण मोजत, ते याचसाठी. दारू वाढवली की खांदा सुजतो, नळीवर ताण येतो आणि छर्रे अधिक पांगतात. अति तेथे माती, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

गोळी की छर्रे?

दोन्हींचे गुणदोष ओळखा. आपल्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून सुटलेली गोल गोळी चाळीस-पन्नास पावलांपलीकडे नेमकी जाईल याची खात्री नसते. परदेशात जिथे हरणाची शिकार कायद्याने चालते, तिथलेही हे जाणून असतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम आहे. तिथल्या बंदुकांना आतून आटे पाडलेले असतात. अर्ध्या इंची नळीत साडेअकरा ग्रॅमची गोल गोळी कापडात गुंडाळून घालतात आणि तिच्यामागे साधारण चार ते सहा ग्रॅम दारू. एवढे असूनही जाणता शिकारी पन्नास-पाऊणशे यार्डांच्या आतच चाप ओढतो. गोल गोळीचा वेग हवेत फार लवकर उतरतो. शंभर यार्डांवर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. मग जनावर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुक्कर काय करते हे तुम्हाला सांगायला नको.

छऱ्यांचा धोका वेगळा. साध्या सरळ नळीतून सुटलेल्या छऱ्यांपैकी चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात साधारण चाळीस टक्केच पडतात. म्हणजे दहांतले सहा बाहेर! ते सहा कुठे गेले? कदाचित बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या माळ्याकडे. गोळीचेही तेच. नेम चुकलेली गोळी शेताच्या हद्दीवर थांबत नाही, कित्येक शे यार्ड जाते. म्हणून गोळी असो वा छर्रे, अंतर तीस पावलांच्या आतले, आणि मागे मातीचा बांध किंवा दरड हवी. मागे उघडे रान, वाट किंवा वाडी असेल तर बार उडवायचा नाही.

खिळे, खडे, सायकलचे छर्रे, लोखंडी तुकडे घालण्याची खोड काही ठिकाणी आहे. लोखंड नळीला ओरखडते, मध्येच अडकते आणि नळी फोडते. एकावर एक दोन गोळ्या घालणे हा तर शुद्ध वेडेपणा.

ठासण्याची रीत

क्रम कधी मोडू नका. आधी मोकळी नळी पाहा. मग मापातली दारू, तिच्यावर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, वर छर्रे सांडू नयेत एवढा पातळ बोळा. केप सर्वांत शेवटी, तीही जागेवर पोचल्यावर. ठासताना तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर, आणि गज मुठीत आवळून न धरता बोटांनी.

गोळी दारूवर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार सुटताना नळी तिथे फुगते किंवा फुटते. हे टाळायला सोपी युक्ती आहे. नळी रिकामी असताना गज आत सोडा आणि तोंडाशी जिथे येतो तिथे कोरून खूण करा. कारागिराने सांगितलेला बार भरल्यावर दुसरी खूण करा. आता गज बोलू लागला. ठासल्यावर दुसरी खूण तोंडाशी आली नाही, गज वर राहिला, तर एक तर काजळीने गोळी अडली आहे, नाहीतर चुकून दुसरा बार भरला आहे. उडवू नका.

एक बार सुटल्यावर नळीत निखारा राहू शकतो. लगेच दारू ओतली तर ती हातातच पेटते. थोडे थांबा, ओलसर चिंधी गजाने फिरवा, मग कोरडी फिरवा. दारूच्या डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका. नेहमी पळीने घाला, आणि त्याआधी डब्याला झाकण लावून तो दूर ठेवा.

केप वाजली पण बार सुटला नाही, तर आपल्याकडे "बार फुसका गेला" म्हणून हसतात. हसू नका. आत दारू धुमसत असेल तर तो उशिरा सुटतो. नळी बांधाकडे धरून निदान दोन मिनिटे तशीच थांबा. तोंडात डोकावणारा पुन्हा डोकावत नाही.

अंधारात काय हलले?

आता सर्वांत महत्त्वाचे. शेतात खसखस झाली, काळे काही हलले, की हात चापाकडे जातो. पण रात्री शेतात डुकरासारखा वाकून चालणारा आणखी एक प्राणी असतो, तो म्हणजे राखणीला निघालेला शेजारी. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात मेलेला बहुधा गावचाच, कधी सोबतीच असतो. एका चापाने दोन घरे बसतात. एक स्मशानात, एक तुरुंगात.

म्हणून नियम करा. आवाजावर बार नाही, डोळे चमकले म्हणून बार नाही. बॅटरी मारून पूर्ण जनावर ओळखले, मागे दरड आहे हे पाहिले, तरच. संध्याकाळी शेजारच्या सर्व राखणदारांनी कोण कुठल्या माळ्यावर आहे हे एकमेकांना सांगावे, आणि हाक मारल्याखेरीज कुणी कुणाच्या शेतात उतरू नये. दारू पिऊन राखणीला जाऊ नये. एक दारू नळीत असताना दुसरी पोटात नको.

घरच्या बाईचा अधिकार

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. भरलेली बंदूक घरात आणायची नाही. बार शिल्लक राहिला तर तो परतताना रिकामा करण्याची रीत कारागिराकडून शिकून घ्यायला घरधन्याला सांगा. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नाही. घरात पाऊल टाकताच "गज सोडून दाखवा" म्हणा. पहिली खूण तोंडाशी आली की बंदूक रिकामी. हे विचारण्यात संशय नाही, संसाराची काळजी आहे. दारू, केपा आणि बंदूक तीन ठिकाणी, कुलपात आणि चुलीपासून लांब ठेवा. किल्ली मुलांना ठाऊक नसावी.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरते. नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, आतबाहेर तेलाचा हात फिरवा.

कित्येक घरांत आजोबांची बंदूक आजोबा गेल्यावरही भिंतीवर टांगलेली असते. परवाना त्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. वारसांनी विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि हवी असल्यास स्वतःच्या नावाने अर्ज करावा. आठवण म्हणून टांगलेली बंदूक कायद्याच्या लेखी बिनपरवान्याचे शस्त्रच आहे.

आणि नासाडी झालीच, तर सकाळी रागाने दारू मोजत बसण्याऐवजी वनरक्षकाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि नुकसानभरपाईचा अर्ज द्या. भरपाई उशिरा येईल, कमी वाटेल, पण येईल. रात्री चुकलेल्या बाराची भरपाई मात्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

पीक राखा, शेजारी राखा आणि स्वतःलाही राखा.