गर्भ पडला तर दोष कोणाचा?

गाय गाभडली तर आपण गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो, वार आणि रक्त तपासायला पाठवतो, ब्रुसेला रोगाची शंका असली तर गाय वेगळी बांधतो. (त्या वारेला उघड्या हाताने शिवू नये, तो रोग माणसालाही होतो.) वळू बदलावा का, याचाही विचार करतो. घरच्या सुनेचा गर्भ पडला म्हणजे मात्र तपासाची गरजच कोणाला वाटत नाही. तिने घागर उचलली, पपई खाल्ली, लावणीला वाकली, असा निकाल सासूबाई आणि शेजारणी देऊन मोकळ्या होतात. हा अन्याय आहे, आणि रोज संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या घरांतही तो चालतो.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा बिघाड सापडतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बीज तयार होताना वाटणी चुकली की गर्भात एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी येते. सोळाव्या क्रमांकाची दोनाऐवजी तीन आली, तर तो गर्भ तग धरत नाही. घागरीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आईचे वय पस्तिशीपुढे गेले की अशा चुका वाढतात, एवढे खरे.

पडलेल्या गर्भाच्या ऊतींची तपासणी करून हा बिघाड शोधता येतो. ती प्रत्येकीने करावी असे मी म्हणणार नाही. एकदा गर्भ पडला तरी पुढचे बाळंतपण बहुधा नीट पार पडते, आणि तपासणीला हजारो रुपये लागतात. दोन-तीनदा असे घडले असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे. पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग फॉर्मॅलिनमध्ये टाकला की पेशी मरतात, मग त्या वाढवून गुणसूत्रे मोजता येत नाहीत. तो निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून लगेच प्रयोगशाळेत जायला हवा. सोबत आईचे रक्तही द्यावे. नमुन्यात आईच्याच पेशी मिसळल्या तर अहवाल उगाच निर्दोष येतो, तो घोटाळा त्यामुळे ओळखता येतो.

गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे जोडलेले दिसले तर नवरा-बायको दोघांचेही रक्त तपासतात. असा बदल धडधाकट नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. स्वीडनच्या लाल-पांढऱ्या गुरांत गुणसूत्रांचा असाच जोड १९६४ साली सापडला. तो बाळगणारे वळू दिसायला उत्तम, पण त्यांच्या पोटच्या गाई जास्त उलटत. तेव्हा रक्त द्यायची वेळ आली तर पुरुषांनी कुरकुर करू नये.

अहवालात काही सापडले नाही, तर थायरॉइड, मधुमेह, गर्भाशयाची ठेवण यांकडे डॉक्टर वळतात.

अशी तपासणी म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, असे काही वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. गेलेल्या जिवाच्या मृत्यूचे कारण शोधण्यात पाप कसले? फक्त त्या जिवाचा मान राखला पाहिजे. मृत गर्भाला इतर माणसांच्या मृतदेहासारखाच आदर द्यावा, असे रोमच्या ‘दोनुम विते’ या १९८७ सालच्या सूचनापत्रात सांगितले आहे. म्हणून नमुना काढल्यावर उरलेला भाग इस्पितळातून मागून घ्यावा आणि दफनाविषयी फादरांशी बोलावे. आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस होता पण त्याआधीच बालक गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी करता येतो.