उंबरठ्यावरची विचारपूस

दारावर टकटक झाली की आपल्या घरातून आवाज येतो, 'कोण आहे?' नाहीतर 'यारु?' भाषा कुठलीही असो, विचारपूस उंबरठ्यावरच होते. माणूस माजघरात पोचल्यावर कोणी नाव-गाव विचारत नाही. जावा शिकणाऱ्या मुलांना मी हेच सांगत असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने एका पतसंस्थेसाठी पिग्मीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात रक्कम जमा करणारी एक मेथड होती. मेथड म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा भाग. एके दिवशी ५० रुपयांऐवजी उणे ५० अशी नोंद झाली. मेथडने ती निमूटपणे घेतली. खात्यात ५० वाढायचे ते ५० कमी झाले, फरक शंभराचा पडला. महिनाअखेरीस हिशेब जुळेना आणि संशय गेला तो दारोदार फिरणाऱ्या पिग्मी एजंटवर. चूक सापडेपर्यंत दोन दिवस त्या गृहस्थांनी मान खाली घालून काढले. खरे कळल्यावर विद्यार्थी रडवेला झाला.

उपाय सोपा होता. मेथडच्या सुरुवातीलाच रक्कम तपासायची. ती शून्य किंवा उणे असेल तर 'इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन' देऊन काम तिथेच थांबवायचे आणि नेमकी कोणती रक्कम आली तेही संदेशात लिहायचे. खातेच 'नल', म्हणजे रिकामे आले, तर त्यासाठी २०११ च्या जावा ७ पासून 'ऑब्जेक्ट्स' वर्गात 'रिक्वायर नॉन नल' ही तयार सोय आहे. हीच तपासणी दहा ठिकाणी लागत असेल तर तिची एक छोटी वेगळी मेथड करावी.

काही मुले अशा वेळी 'असर्ट' वापरतात. २००२ च्या जावा १.४ मध्ये आलेली ही सोय मुद्दाम चालू केल्याशिवाय कामच करत नाही. म्हणजे राखणदार आहे, पण झोपलेला! बाहेरून येणाऱ्या माहितीसाठी तो उपयोगाचा नाही. आपल्याच प्रायव्हेट मेथडमधली गृहीतके पडताळण्यापुरता ठीक. आणि चुकीची रक्कम गुपचूप शून्य धरून पुढे जाणे तर सर्वांत वाईट. चूक झाकली जाते, निस्तरावी लागते दुसऱ्याच कुणाला.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी प्रोग्रॅम चालवून दाखवील तेव्हा कौतुक जरूर करा. पण एक प्रश्नही विचारा, 'यात चुकीचा आकडा घातला तर काय होईल?'