बॉक्सिंग डेला गावच्या क्लबाची मॅच बघायला जा

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांना एक आग्रहाची विनंती आहे. येत्या 26 डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, सेलच्या गर्दीत शिरू नका आणि दिवसभर सोफ्यावर लोळतही राहू नका. अंगावर चढतील तेवढे कपडे चढवा, पोरांना घ्या, भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांनाही घ्या, आणि ज्या गावात तुम्ही घराचा हप्ता किंवा भाडं भरता त्या गावच्या फुटबॉल क्लबाची मॅच बघायला जा. आर्सेनल किंवा लिव्हरपूलची नव्हे, गावच्या क्लबाची.

आमच्या गावात असा क्लब कुठे आहे, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तो बहुतेक ठिकाणी असतो. प्रीमियर लीगमध्ये फक्त 20 क्लब आहेत. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू मिळून 72 क्लब, मग पाचव्या पातळीवर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचेच उत्तर आणि दक्षिण विभाग, आणि त्याखाली प्रांतवार लीगांची लांबलचक रांग. आपली माणसं जिथे दाटीने राहतात तिथलंच बघा. साउथ हॅरोत हॅरो बरो आहे, रायस्लिपला वील्डस्टोन खेळतो, एजवेअरला बार्नेटचं मैदान आहे, स्लाऊमध्ये स्लाऊ टाउन आहे. मुलांना शाळेत सोडताना यातल्या एखाद्या क्लबाची पाटी रोज डोळ्यांसमोरून जात असेल. आत मात्र आपण जात नाही.

मोठ्या क्लबांचं तिकीट मिळवणं कुटुंबाच्या आवाक्यात राहिलेलं नाही. आधी सभासद व्हा, मग सोडतीत नाव येण्याची वाट बघा, आणि आलंच तर चौघांच्या तिकिटांत एका सहलीचा खर्च होतो. शिवाय बॉक्सिंग डेला प्रीमियर लीग असेलच याचीही आता खात्री नाही. 2025 साली त्या दिवशी तिची एकच मॅच झाली. खालच्या लीगांमध्ये मात्र त्या दिवशी गावोगावी सामने होते. नाताळच्या सुट्टीतल्या फुटबॉलची परंपरा आता खरी सांभाळली जाते ती तिथेच.

आणि ही परंपरा जुनी आहे. फुटबॉल लीग 1888 साली सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधी, 26 डिसेंबर 1860 रोजी, शेफिल्डजवळच्या सँडीगेट मैदानावर हॅलम आणि शेफिल्ड हे दोन क्लब एकमेकांशी खेळले. दोन वेगवेगळ्या क्लबांमधला हा पहिला सामना मानला जातो. शेफिल्ड 2-0 ने जिंकला. दोन्ही क्लब आजही चालू आहेत, दोन्ही खालच्या लीगमध्ये खेळतात, आणि हॅलमचं घरचं मैदान अजून तेच आहे. उत्तर इंग्लंडात राहणाऱ्यांनी तिथे एकदा तरी जावं.

‘फुटबॉल म्हणजे पुरुषांचं काम, आम्ही बायका तिथे काय करणार’ असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना याच तारखेची दुसरी गोष्ट सांगा. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ, डिक कर लेडीज, सेंट हेलेन्सच्या मुलींविरुद्ध खेळला. सुमारे 53,000 प्रेक्षक आत होते आणि जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरून परत गेले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1921 मध्ये, फुटबॉल असोसिएशनने ‘हा खेळ बायकांना शोभत नाही’ असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तेव्हा मुलीला घेऊन जा, आणि क्लबात मुलींचा संघ आहे का तेही तिथेच विचारून या. पुष्कळ क्लबांकडे असतो.

आता जायचं कसं, ते सांगतो. कोणती पातळी निवडायची हे मुलांच्या वयावर ठरवा. पोरं आठ-नऊ वर्षांच्या आतली असतील तर सहाव्या, सातव्या किंवा त्याखालच्या पातळीवरचा सामना बघा. तिथे कठड्याला टेकून उभं राहता येतं, खेळाडू एकमेकांवर ओरडतात ते ऐकू येतं, चेंडू कठड्यावरून बाहेर आला तर तुमचंच पोरगं तो परत टाकतं. कंटाळा आला तर पोरांना फिरायला जागा असते. बऱ्याच मैदानांवर दोन्ही संघांचे पाठीराखे वेगळे बसवलेले नसतात. मध्यंतर झालं की लोक मैदानाला वळसा घालून समोरच्या टोकाला जातात, कारण आपला संघ ज्या गोलावर चाल करणार त्याच्या मागे उभं राहायचं असतं. त्यांच्याबरोबर चालू लागा. ओळखी होतात त्या याच फेरीत.

मुलं मोठी असतील आणि त्यांना गर्दी, गाणी, गजर हवा असेल तर लीग वन किंवा लीग टू गाठा. तिथे ‘फॅमिली स्टँड’ विचारून तिकीट काढा. घरच्या आणि पाहुण्या संघाचे पाठीराखे तिथे वेगळे बसतात, म्हणून पाहुण्या संघाच्या रंगाचा स्कार्फ किंवा जर्सी घालून घरच्यांच्या बाजूला बसू नका. कोणाचा रंग कोणता हे आदल्या दिवशी बघून ठेवा.

खर्चाचा अंदाज असा: सातव्या पातळीवर मोठ्या माणसाला साधारण 10 ते 15 पौंड, लीग टूमध्ये 20 पौंडांच्या पुढे. लहान मुलांना बऱ्याच क्लबांत फुकट किंवा नाममात्र दरात सोडतात, ज्येष्ठांना सवलत असते. बॉक्सिंग डेला नेहमीपेक्षा जास्त गर्दी होते, त्यामुळे वरच्या पातळीवर तिकीट आधी काढा. खालच्या मैदानांवर दारात कार्ड दाखवलं की पुरतं.

प्रवासाचा विचार मात्र आधी करा. बॉक्सिंग डेला इंग्लंडातल्या बहुतेक रेल्वेगाड्या बंद असतात. लंडनची भुयारी रेल्वे चालते, पण कमी गाड्या. लांबचा प्रवास टळावा म्हणून त्या दिवशी सहसा जवळजवळच्या गावांचे सामने लावतात, आणि म्हणूनच तुम्हीही लांब न जाता चालत किंवा गाडीने जाता येईल असंच मैदान निवडा. सुरुवात सहसा दुपारी 3 वाजता होते, पण त्या दिवशी काही सामने 1 वाजताही असतात. वेळ नीट वाचा. आणि निघण्याआधी क्लबाचं पान पुन्हा एकदा उघडा. रात्री कडाक्याची थंडी पडली किंवा पाणी साचलं तर पंच सकाळी मैदान तपासून सामना पुढे ढकलतात. स्लाऊसारखं कृत्रिम गवताचं मैदान असेल तर हा धोका कमी.

थंडीला कमी लेखू नका. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, दुसरा अर्धा भाग दिव्यांच्या उजेडात होतो, आणि काँक्रीटच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर गारठा तळपायांतून वर चढतो. दोन जोड पायमोजे, जाड तळाचे बूट, कानटोपी, थर्मल. आई-बाबांसाठी उभं राहायचं नव्हे, बसायचंच तिकीट काढा, आणि खुर्चीवर घालायला घडीची चादर न्या. गरम पाण्याचा थर्मास नेता येईल का ते आधी विचारा. काचेच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन दारातच काढून घेतात, काही ठिकाणी प्लास्टिकच्या बाटलीचं झाकणसुद्धा.

खाण्याचं सांगायला हवं, कारण आपल्यातले बरेच जण तिथेच अडतात. मैदानावर ‘पाय’ (सारण भरलेली पेस्ट्री), चिप्स आणि चहा मिळतो. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याचा पाय किंवा पेस्टी मागा आणि चिप्स कशात तळलेत ते विचारा. लोक कपात वाफाळतं काळपट पेय पिताना दिसतील, ते बोव्हरिल. ते गोमांसाचा अर्क असतं, सूप समजून आईच्या हातात देऊ नका. ग्लॉस्टरशरमध्ये राहत असाल तर नेल्सवर्थचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा क्लब जरूर बघा. 2015 पासून तिथे मैदानावर सगळं खाणं वनस्पतीजन्य असतं, दूधसुद्धा नाही. बाकी ठिकाणी घरून पोट भरून निघावं आणि मध्यंतरात चिप्स खाव्यात, हे उत्तम.

आता ज्या गोष्टीचा संकोच वाटतो तिच्याबद्दल. शिव्या ऐकू येतील. पंचाला तर हमखास बसतील. मुलांना आधीच बजावून ठेवा की हे शब्द घरी आणायचे नाहीत. दारूचं म्हणाल तर वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी ती पिणं 1985 च्या कायद्याने बंद आहे. त्याखाली लोक बिअर हातात घेऊन उभे असतात, बहुतेक वेळा शांतपणे. आणि वर्णावरून कोणी काही बोललं तर? बहुतेकांना असा अनुभव येत नाही, पण येऊ शकतो. तेव्हा गप्प बसून घरी येऊ नका. पिवळ्या किंवा केशरी जॅकेटातल्या स्टुअर्डला सांगा. वर्णद्वेषी घोषणा देणं 1991 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि किक इट आउट ही संस्था 1993 पासून याच कामात आहे, तिच्याकडेही तक्रार करता येते. त्याच कायद्यात विनापरवाना मैदानात उतरणं हाही गुन्हा आहे, म्हणून गोल झाल्यावर उत्साही पोरांचा हात धरून ठेवा.

खेळ कसा असेल? टीव्हीवर दिसतो तसा नसेल. पास चुकतील, चेंडू रस्त्यावर जाईल, गोलरक्षक चिखलात घसरेल. सहाव्या-सातव्या पातळीवरचे बरेच खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. त्यांच्याकडून मँचेस्टर सिटीची अपेक्षा ठेवाल तर वीस मिनिटांत कंटाळाल. त्याऐवजी एक खेळाडू निवडा, त्याच्याकडेच लक्ष ठेवा. मुलांनाही एकेक निवडू द्या. मध्यंतरात सोडतीचं तिकीट घ्या, ज्यात जमलेल्या पैशांतला अर्धा विजेत्याला आणि अर्धा क्लबाला जातो. सामन्याची पुस्तिका मिळाली तर तीही घ्या.

हे पैसे कुठे जातात हे कळलं तर हात आखडणार नाही. मोठ्या क्लबांना टीव्हीचा पैसा पोसतो. लहान क्लब दारातल्या तिकिटावर, कँटीनवर आणि स्वयंसेवकांवर जगतात. आणि ते मरूही शकतात. मँचेस्टरजवळचा बरी हा 1885 सालचा क्लब पैशांच्या घोळात ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकला गेला, आणि एका पूर्ण गावाचा शनिवार रिकामा झाला. त्याला पुन्हा उभं करायला पाठीराख्यांना खालच्या पातळीपासून सुरुवात करावी लागली.

‘पण आमचं त्या क्लबाशी काय नातं?’ हा प्रश्न खरा आहे. कोल्हापूरकरांना तो पडणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम फुटबॉल खेळते तेव्हा माणूस संघ निवडत नाही. तो ज्या पेठेत राहतो ती पेठ त्याच्यासाठी संघ निवडून ठेवते. इथेही तेच आहे. आपण इथे येतो, नोकरी करतो, कौन्सिल टॅक्स भरतो, गणपती आणि दिवाळी मंडळात साजरी करतो. ते हवंच, लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून ते करत आलं आहे. पण शेजारच्या घरातला पीट किंवा समोरची मार्गारेट आपल्याला ‘हॅलो’च्या पुढे ओळखत नाहीत, कारण आपण आणि ते एका गोष्टीवर एकत्र चिडलोय, एकत्र ओरडलोय असं कधी झालेलंच नसतं. ते घडण्याची इंग्लंडातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त जागा म्हणजे गावच्या क्लबाचं मैदान. तिथे कोणी तुमचा व्हिसा विचारत नाही. शेजारचा माणूस एवढंच विचारतो की ती पेनल्टी होती की नव्हती, आणि त्यावर मत द्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

तेव्हा आज रात्री एवढं करा: गावाचं नाव आणि ‘फुटबॉल क्लब’ असं शोधा, 26 डिसेंबरचा सामना घरचा आहे का बघा, नसेल तर नववर्षाच्या आसपासचा घरचा सामना टिपून ठेवा, आणि मित्रमंडळींतल्या आणखी एका कुटुंबाला सोबत घ्या. सणाच्या दिवशी मात्र सगळेच येतात. क्लबाला तुमची गरज लागते ती फेब्रुवारीतल्या एखाद्या ओल्या मंगळवारी रात्री, जेव्हा संघ सलग तीन सामने हरलेला असतो आणि पायऱ्यांवर मोजकी माणसं असतात. बॉक्सिंग डेला आवडलं, तर त्या मंगळवारीही जा.