हळकुंडातील रसायनशास्त्र

रसायनशास्त्र हा अनेक विद्यार्थ्यांना केवळ पाठांतराचा विषय वाटतो. संज्ञा, सूत्रे, रेणुवस्तुमाने यांची घोकंपट्टी होते आणि परीक्षा संपताच सारे विस्मरणात जाते. विषयाचा समाजजीवनाशी असलेला संबंध वर्गात उलगडला, तर हे चित्र पालटू शकते. त्यासाठी घरातील हळदही पुरेशी आहे.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे गृहिणींना ठाऊक असते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तेही याच गुणामुळे. आम्लारी ओळखणारा हा घरगुती दर्शक होय. परंतु धडा येथेच संपू नये.

निस्तेज हळकुंडे तेजस्वी पिवळी दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हे रंगद्रव्य चोळण्याचा अपप्रकार बांगलादेशात अनेक वर्षे चालला. त्यातील शिशामुळे बालकांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचते. येथे पाठ्यपुस्तकातील शेकडेवारी कामी येते. लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसे असते. ते किलोभर हळदीत अवघे १ ग्रॅम मिसळले, तरी ६४० मिलिग्रॅम शिसे पोटात जाण्यास सिद्ध होते. भारतीय मानकांतील मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ही मात्रा चौसष्टपट झाली! व्यापारी घरातील मुलाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

बांगलादेशात संशोधकांनी गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग हळदीपर्यंत काढला. २०१९ मध्ये शासनाने जनजागृती केली, घाऊक बाजारात यंत्राने तपासणी करून दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. तपासलेल्या नमुन्यांतील भेसळीचे प्रमाण त्या वर्षीच्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले.

शिक्षकांनी यापुढील प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावा: दोष केवळ विक्रेत्याचा, की गडद रंगालाच अधिक भाव देणाऱ्या ग्राहकाचाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना रसायनशास्त्र आणि व्यवहार एकत्र येतात. आज वर्गात बसलेली काही मुले उद्या पेढीवर बसतील. माल खरेदी करताना त्यांनी रंगाबरोबर प्रयोगशाळेचा दाखलाही मागितला, तर हा विषय त्यांना खऱ्या अर्थाने समजला असे म्हणता येईल.